मुलगी एलएलबीच्या चौथ्या वर्षाला आहे, उरलेली १२ आठवड्यांची इंटर्नशिप सोलापुरात राहून होईल का?

होटगी_रोड
नमस्कार मंडळी. आमच्या घरात आजवर कुणी कोर्टाची पायरी चढलेलं नाही, म्हणून इथे विचारतोय. मी चादरीच्या कारखान्यात हिशेब लिहितो. थोरली मुलगी बीए एलएलबीला आहे, पाच वर्षांचा कोर्स. आता चौथं वर्ष सुरू झालं.

बार कौन्सिलच्या नियमाने पाच वर्षांत मिळून २० आठवडे इंटर्नशिप लागते म्हणे. तिने पहिल्या वर्षी एका सामाजिक संस्थेत ४ आठवडे केले. दुसऱ्या वर्षी माझं हृदयाचं ऑपरेशन झालं, त्या सुट्टीत ती घरीच होती. तिसऱ्या वर्षी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात ४ केले. म्हणजे उरले १२. आता वर्गात कुणीतरी सांगितलं की एका वर्षात चारच आठवडे धरतात. दोन वर्षं उरलीत, म्हणजे आठच होतील. त्या दिवसापासून पोरगी नीट जेवत नाही.

दुसरा प्रश्न. सगळे म्हणतात पुण्या-मुंबईच्या लॉ फर्ममध्ये जा, इथे काय शिकणार? तिथला महिन्याचा राहण्या-खाण्याचा खर्च मला झेपणारा नाही.

तिसरी गोष्ट मनाला लागून राहिली आहे. एका मैत्रिणीने तिला सांगितलं की न जाताही सर्टिफिकेट मिळतं, इंटर्नशिपच्या कामाची डायरीही लिहून मिळते, पैसे द्यायचे फक्त. हिने नाही म्हटलं. पण रात्री मला म्हणाली, "बाबा, सगळ्या तसंच करतात, मग मीच वेडी का?" मी तिला सांगितलं, तू बरोबर आहेस. पण का बरोबर आहेस ते मला नीट सांगता आलं नाही. या क्षेत्रातल्यांनी सांगावं.

कडक_भाकरी
काका, पोरगी वेडी नाही, शहाणी आहे. बाकीचं वकील मंडळी सांगतीलच. तब्येत कशी आहे आता?

बाळीवेस_वकील
मी सोलापूर जिल्हा न्यायालयात १७ वर्षं काम करतो. आधी तिला पोटभर जेवायला सांगा, कारण तिने ऐकलेला नियम अर्धाच आहे.

नियम आहे बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या विधी शिक्षण नियमांत. तीन वर्षांच्या कोर्सला किमान १२ आठवडे, पाच वर्षांच्या कोर्सला किमान २०. पुढे लिहिलंय की कोणत्याही वर्षी सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त करता येणार नाही. 'सलग' हा शब्द महत्त्वाचा. तीन महिने कॉलेज सोडून एकाच ऑफिसात बसू नये, असा त्याचा रोख आहे. दिवाळीत तीन आठवडे आणि उन्हाळ्यात चार, असे तुकडे केले तर माझ्या वाचनाप्रमाणे हरकत नाही. तरीही कॉलेज तो नियम कसा लावतं हे प्राचार्यांकडून लेखी घ्या. तोंडी नको. शेवटच्या सत्रात वाद नको असेल तर एक साधा अर्ज, त्यावर पोच.

त्याच नियमात अजून एक अट आहे. इंटर्नशिप ही सामाजिक संस्था, वकील, न्यायाधीश, कंपनी, स्थानिक स्वराज्य संस्था अशा बऱ्याच ठिकाणी चालते, पण ट्रायल आणि अपील चालवणाऱ्या वकिलांकडे एकदा तरी जायलाच हवं. तुमच्या मुलीचे दोन्ही तुकडे संस्था आणि विधी सेवेचे आहेत. वकिलाचं ऑफिस अजून झालेलं नाही. पुणे की सोलापूर हे नंतर ठरवा, आधी वकिलाचं ऑफिस धरा.

एफसी_रोडवरून
मूळचा सोलापूरचाच, आता पुण्यात एका फर्ममध्ये आहे. बाळीवेस सरांशी नियमाबाबत सहमत, पण पुण्याला एकदम फुली मारू नका. मी चौथ्या वर्षी एक महिना फर्ममध्ये काढला. करार वाचायचा कसा, त्यातली जोखमीची कलमं हुडकायची कशी, इंग्रजीत तीन ओळींत टिपण कसं द्यायचं, हे तिथे शिकलो. नोकरीही त्याच ओळखीतून मिळाली. जिल्हा कोर्टात महिनाभर बसून बरेच जण फक्त तारखा ऐकतात.

भीमाकाठ
@एफसी_रोडवरून, तारखा ऐकणं आणि तारीख समजणं यांत फरक आहे. मी पंढरपुरात वकिली करते. माझ्याकडे एक मुलगा आला होता, तोही पहिला आठवडा असंच म्हणायचा. मग मी त्याच्या हातात एका वाटपाच्या दाव्याचं बंडल दिलं. म्हटलं, रोजनामा, म्हणजे दर तारखेला काय झालं त्याची नोंद, पहिल्या पानापासून वाच आणि हा दावा इतकी वर्षं का थांबलाय ते मला सांग. दोन दिवस वाचत बसला. तिसऱ्या दिवशी सांगितलं, मधे एक प्रतिवादी वारला, वारस रेकॉर्डवर यायला वेळ लागला, मग समन्स परत परत बजावणीविना आले, मग निशाणी ५ वरचा आदेश झाला आणि त्यावर अपील. पोराच्या डोळ्यांत चमक होती. दिवाणी प्रक्रिया संहिता त्याला परीक्षेत पाठ होती, पण ती चालताना त्याने पहिल्यांदा पाहिली.

बाहेरच्या वाचकांसाठी: निशाणी १ म्हणजे दावा, निशाणी ५ म्हणजे तात्पुरत्या मनाईचा अर्ज. आमच्याकडे निम्मी लढाई त्या पाचवरच होते.

आणि हो, आमची भाषा मराठी आहे. दावा, कैफियत (दाव्याला उत्तर), पुरशिस (कोर्टाला लेखी निवेदन), मुदतीचा अर्ज, सगळं मराठीत. कॉलेजात ड्राफ्टिंग इंग्रजीत शिकतात आणि इथे येऊन 'सबब विनंती की' कुठे लिहायचं ते विचारतात. सोलापूर जिल्ह्यात वकिली करायची असेल तर हे पुण्यात शिकायला मिळणार नाही.

एफसी_रोडवरून
@भीमाकाठ ताई, हे मान्य. मला आजही मराठी कैफियत लिहिता येत नाही, याची खंत आहे.

शिरस्तेदार_निवृत्त
मी ३४ वर्षं कोर्टात नोकरी केली, त्यातली बरीच न्यायाधीश साहेबांच्या समोरच्या टेबलावर. विद्यार्थी येताना पाहिलेत, म्हणून चार गोष्टी सांगतो.

अभ्यासक्रमात मूट कोर्टचा, म्हणजे सरावासाठीच्या लटक्या खटल्याचा, जो पेपर आहे त्यात १०० गुणांची वाटणी अशी: मूटला ३०, खटल्याच्या निरीक्षणाला ३०, पक्षकाराची मुलाखत व पूर्वतयारीच्या डायरीला ३०, तोंडी परीक्षेला १०. निरीक्षणात एक दिवाणी आणि एक फौजदारी खटला बघायचा असतो. वेगवेगळ्या दिवशी जाऊन टप्पे नोंदवायचे. इथेच पोरं फसतात. एखादी केस निवडतात, तिला पुढची तारीख दोन महिन्यांची पडते आणि मग उरलेलं कल्पनेने लिहितात.

तर केस निवडताना आधी बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या केसेसची यादी, बघा. पुराव्याच्या टप्प्यावर आलेली केस घ्या. दिवाणीत मोटार अपघाताच्या नुकसानभरपाईचा अर्ज बघायला सोपा जातो. जखमी माणूस, डॉक्टर, विमा कंपनीचा वकील, सगळे डोळ्यांसमोर येतात. फौजदारीत मारामारीची केस घ्या. सरतपास (साक्षीदाराला त्याच्याच बाजूच्या वकिलाचे प्रश्न), उलटतपास (समोरच्या वकिलाचे), फेरतपास (पुन्हा स्वतःच्या बाजूचे) एकाच दुपारी बघायला मिळण्याचा संभव असतो. केसचा १६ अक्षरांचा सीएनआर नंबर लिहून घ्या. ई-कोर्ट्सच्या ॲपवर टाकला की पुढची तारीख कळते, हेलपाटा वाचतो.

एक ताकीद. पोक्सोचे खटले बंद दाराआड चालतात, कायद्यानेच तसं आहे. बलात्काराचे खटलेही. तिथे कुणी बाहेर जा म्हटलं तर राग मानू नये, स्वतःहूनच उठावं.

आणि नाझर (समन्स-वॉरंट आणि पैशाचं काम बघणारा कोर्टाचा अधिकारी), बेलिफ (कोर्टाचे आदेश बजावणारा), नक्कल विभाग इथे एकेक दिवस नक्की बसा. डिक्री, म्हणजे दाव्याचा हुकूम, मिळाली म्हणजे जमीन मिळाली असं नाही. पुढे त्या हुकमाच्या अंमलबजावणीसाठी दरखास्त लावावी लागते, ताबा देताना बेलिफ जातो, गावात काय होतं ते त्याला विचारा.

कडक_भाकरी
काका, बेलिफवरून आठवलं. सुशीलकुमार शिंदे तरुणपणी सोलापूरच्याच कोर्टात नोकरीला होते ना? पुढे देशाचे गृहमंत्री झाले.

शिरस्तेदार_निवृत्त
होय, इथल्याच कोर्टात. आम्ही नोकरीला लागलो तेव्हा जुनी माणसं ते अभिमानाने सांगायची.

पद्मा_अक्कलकोट_रोड
मी तीन वर्षांच्या कोर्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. माझा अनुभव सांगते, कारण होटगी_रोड काकांच्या मुलीने विधी सेवेत काम केलंय आणि इथे त्याला थोडं कमी लेखलं जातंय असं वाटलं.

आमच्या घरी तेलुगू बोलतात, आई विड्या वळते. मी विधी सेवेच्या कार्यालयात होते तेव्हा एक आजी आल्या, त्याही विडी कामगार. मराठी येत होतं, पण मुलाने घरातून काढल्याचं त्यांना मराठीत सांगताच येईना. पॅनेलवरच्या वकिलांनी मला शेजारी बसवलं. आजी तेलुगूत बोलायला लागल्या आणि पहिल्या दहा मिनिटांत त्यांनी कायद्याचं काहीच सांगितलं नाही. सुनेचं, नातवाचं, गुडघ्याचं. मी दोनदा मधे तोडायला गेले, वकिलांनी हाताने थांबवलं. मग सगळ्यात शेवटी आजी म्हणाल्या, घर माझ्या नावावर आहे, पण कागद त्याच्याकडे आहे. तिथे कामाची सुरुवात झाली. मी मधे तोडलं असतं तर ते वाक्य आलंच नसतं. पक्षकाराच्या मुलाखतीबद्दल मी एवढं कोणत्याच पुस्तकात वाचलं नव्हतं.

स्त्रियांना मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अट नाही, हेही मला तिथेच कळलं. माझ्या आईला ते माहीत नव्हतं. आता आमच्या गल्लीत सगळ्यांना माहीत आहे.

बाळीवेस_वकील
@पद्मा, फार छान लिहिलंस. कमी लेखण्याचा हेतू नव्हता. फक्त एक विचारतो, डायरीत त्या आजींचं नाव लिहिलंस का?

पद्मा_अक्कलकोट_रोड
नाही सर. 'एक ज्येष्ठ महिला' एवढंच. त्याच वकिलांनी सांगितलं होतं.

बाळीवेस_वकील
उत्तम. बाकीच्या विद्यार्थ्यांसाठी लिहून ठेवतो. पक्षकाराने वकिलाला सांगितलेलं गुपित राहतं, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ मध्ये ते आहे आणि वकिलाच्या कारकुनांना व नोकरांनाही ते लागू आहे. इंटर्नने स्वतःला त्याच रांगेत समजावं. डायरीत 'अ विरुद्ध ब' लिहा. बंडलाचे फोटो मोबाईलमध्ये नकोत, स्टेटसला तर कधीच नाही. माझ्याकडे पहिल्या दिवशी मी हेच सांगतो, बाकी सगळं नंतर.

सात_रस्ता
मी गेले काही दिवस हा धागा वाचतोय आणि लिहू की नको असं चाललंय. लिहितो.

मी वकील आहे. काही वर्षांपूर्वी नात्यातल्या एका मुलाला मी न येता इंटर्नशिपचं सर्टिफिकेट सही करून दिलं. त्याच्या वडिलांनी गळ घातली, मला नाही म्हणता आलं नाही. पोरगा हुशार होता, पास झाला, सनद घेतली. पहिल्या महिन्यात त्याच्या सीनिअरने त्याला एक जामिनाचं काम बघायला पाठवलं. आदेश झाला, पण पुढे जामीनदाराची कागदपत्रं काय लागतात, ती कुठे द्यायची, तुरुंगाला सुटकेचा आदेश कसा जातो, त्याला काही माहीत नव्हतं. विचारायची लाज वाटली. संध्याकाळ झाली, शनिवार-रविवार मधे आला. जामीन मिळूनही तो माणूस दोन रात्री आत राहिला.

त्या माणसाची बायको सोमवारी कोर्टाच्या व्हरांड्यात बसली होती. मी तिला पाहिलं. तिला माहीत नव्हतं की त्या दोन रात्रींत माझीही सही होती. मी तेव्हापासून एकही खोटं सर्टिफिकेट दिलेलं नाही, पण त्या दोन रात्री परत देता येत नाहीत.

होटगी_रोड, तुम्हाला कारण हवं होतं. हे माझ्याकडचं कारण आहे.

भीमाकाठ
@सात_रस्ता, लिहिलंत ते बरं केलंत. सोपं नव्हतं.

कडक_भाकरी
वाचून गप्प झालो.

रंगभवन_जवळ
माझा प्रश्न थोडा वेगळा. मी पहिल्या वर्षाला आहे. एप्रिल-मेच्या उन्हात काळा कोट घालायचा का? आणि इंटर्नला पैसे मिळतात का?

बाळीवेस_वकील
कोटाचं आधी. सुप्रीम कोर्ट आणि हायकोर्ट सोडून इतर कोर्टांत उन्हाळ्यात वकिलांनाही काळा कोट सक्तीचा नाही. इंटर्नच्या पोशाखाचा वेगळा नियम आहे, पांढरा शर्ट, काळी किंवा पांढरी पँट, काळा टाय, कोट, बूट. मुलींना साडीचीही मुभा आहे. उन्हाळ्यात कोटाबाबत ज्यांच्याकडे जाल त्यांना विचारा. बँड आणि गाऊन मात्र सनद मिळेपर्यंत घालायचा नाही.

पैशाचं म्हणाल तर इंटर्नला देण्याची सक्ती कुठे नाही. ज्युनिअर वकिलांसाठी बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये शहरात महिना २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये विद्यावेतन सुचवलं. सुचवलं आहे, बंधनकारक नाही. मला ते बंधनकारक व्हावंसं वाटतं. गरिबाघरची हुशार पोरं दुसऱ्याच वर्षी वकिली सोडून बँकेच्या परीक्षेकडे वळतात, ते बघवत नाही.

शिरस्तेदार_निवृत्त
मे महिन्याबद्दल एक. कॉलेजला सुट्टी तेव्हाच दिवाणी कोर्टालाही उन्हाळी सुट्टी असते. मेमध्ये गेलात तर साक्षीपुरावा बघायला मिळणार नाही. रिमांड, जामीन, तातडीचे अर्ज एवढंच. त्या काळात ऑफिसात बसून ड्राफ्टिंग करावं. खटला बघायचा तर हिवाळी परीक्षेनंतरचे आठवडे धरा.

एफसी_रोडवरून
हे मला कुणी सांगितलं नव्हतं! मी तारखा ऐकल्या त्या मेमध्येच.

कंबर_तलाव
हायकोर्टाचं काय? अपील बघायला मुंबईला जावं लागेल ना? आमच्या वेळी सिद्धेश्वर एक्सप्रेसने रात्री निघायचं, सकाळी उतरून तसंच कोर्टात.

बाळीवेस_वकील
आता नाही. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालंय. कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे तिकडे. आपल्या पक्षकारांना हे फार मोठं आहे. विद्यार्थ्यांनाही, एसटीने जाता येतं.

शिवाय अपील म्हणजे हायकोर्टच असं नाही. कनिष्ठ दिवाणी न्यायाधीशांच्या निकालावरची अपिलं आपल्याच जिल्हा न्यायालयात चालतात. अपिलं चालवणारा वकील सोलापुरात भेटतो.

भीमाकाठ
तरी एक पंधरवडा कोल्हापूरला जावं असं माझं मत. एकाच प्रकरणाचा दावा आपल्याकडे बघायचा आणि त्याच धर्तीचं अपील तिकडे इंग्रजीत चालताना ऐकायचं, हे दोन्ही एकाच वर्षात झालं तर डोकं उघडतं.

होटगी_रोड
सगळ्यांचे मनापासून आभार. @सात_रस्ता साहेब, तुमचं लिहिलेलं मुलीला वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही, पण नंतर तिने ते तिच्या वहीत उतरवून घेतलं.

तिला न्यायाधीश व्हायचंय. तीन वर्षं वकिलीची अट परत आली ते ऐकून ती नाराज आहे. आमच्यासारख्या घराला तीन वर्षं म्हणजे फार.

बाळीवेस_वकील
२० मे २०२५ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल. दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर परीक्षेसाठी तीन वर्षं वकिली. पण त्यात दिलासा असा की ती वर्षं तात्पुरत्या सनदेपासून मोजली जातात. एआयबीई, म्हणजे सनदेसाठीची अखिल भारतीय बार परीक्षा, पास होण्याची वाट बघत बसावं लागत नाही. परीक्षा मात्र टाळू नये. १०० प्रश्न, उणे गुण नाहीत, खुल्या व ओबीसी उमेदवारांना ४५ टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के. टिपणं नसलेला मूळ कायदा सोबत नेता येतो, म्हणून मूळ कायदा हाताळायची सवय आतापासून हवी.

सनदेच्या खर्चाची धास्ती असेल तर, जुलै २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानेच सांगितलं की नोंदणीला ७५० रुपयांपेक्षा जास्त घेता येणार नाही, अनुसूचित जाती-जमातींना १२५.

त्या तीन वर्षांचा दाखला लागतो, तोही किमान १० वर्षं वकिली केलेल्या वकिलाचा आणि त्यावर न्यायिक अधिकाऱ्याचं प्रमाणीकरण. म्हणजे चांगला सीनिअर लागणारच. तो शोधायची जागा इंटर्नशिप. तीन ऑफिसं बघितली की कळतं कुठे शिकवतात आणि कुठे नुसत्या झेरॉक्स काढायला लावतात.

भीमाकाठ
काका, ती तीन वर्षं वाया जात नाहीत. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी राहिलेली बाई का अडखळते, हे ज्याने खालून पाहिलंय तोच वर बसल्यावर तिला पाण्याचा ग्लास द्यायला सांगतो.

होटगी_रोड
प्राचार्यांकडे लेखी अर्ज दिला. 'सलग'चा अर्थ त्यांनीही तुमच्यासारखाच लावला, पोच मिळाली. आमचं असं ठरलंय: दिवाळीच्या सुट्टीला लागून २ आठवडे वकिलाकडे, हिवाळी परीक्षेनंतर २ आठवडे कोर्टात खटल्यासाठी, मेमध्ये ४ आठवडे ड्राफ्टिंगला. पाचव्या वर्षी २ आठवडे कोल्हापूर, २ पंढरपूर. भीमाकाठ ताई, तुमच्याकडे जागा असेल तर.

भीमाकाठ
जागा आहे. वाटपाचं बंडल तयार ठेवते.

पद्मा_अक्कलकोट_रोड
काका, कोल्हापूरला माझी मावशी असते. राहायचा प्रश्न आला तर मेसेज करा.

होटगी_रोड
पद्मा बाळा, देव तुझं भलं करो. करतो मेसेज.

एक शेवटचं, मुलीने विचारायला सांगितलंय. पहिल्या दिवशी कोर्ट हॉलमध्ये नेमकं बसायचं कुठे? पुढे बसलं तर वकील उठवतील अशी तिला भीती आहे.

शिरस्तेदार_निवृत्त
पुढच्या खुर्च्या वकिलांच्या, तिथे नको. दाराजवळही नको, पुकाऱ्याच्या आवाजात काही ऐकू येत नाही. साक्षीदाराच्या पिंजऱ्याच्या बाजूचं मागचं बाक धरायचं. साहेब येताना उभं राहायचं, वाकून नमस्कार करायचा, फोन बंद. अकराला कोर्ट बसतं, तिने पावणेअकराला पोचावं.